एक फाइल, तीन हात आणि काकांची रात्रपाळी

मंडळी, आजचा विषय ऐकून अर्धे लोक इथूनच परत फिरणार याची मला खात्री आहे. पर्ल! आणि त्यातही काय, तर एका मॉड्यूलने उघडलेली फाइल दुसऱ्या मॉड्यूलने कशी वापरायची. शनिवारी सकाळी पोहे हाणून झाल्यावर वाचावं असं यात काय आहे?

पण जरा थांबा. या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नापायी मी एका भल्या माणसावर नाहक आळ घेतलाय. भर मीटिंगमध्ये, प्रोजेक्टरवर पुरावा दाखवून. आणि पुरावा शंभर टक्के खरा होता. फक्त त्याचा अर्थ उलटा होता.

तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. उघडी फाइल ही वाटून घ्यायची गोष्ट नाही, एकाला सांभाळायला द्यायची गोष्ट आहे. बाकीच्यांनी त्याच्याकडे जाऊन सांगायचं, "बाबा रे, एवढं लिहून ठेव." बस.

आता झालं काय ते सांगतो.

आमच्याकडे एक जुना पर्लचा प्रोग्राम आहे. फाइलच्या डोक्यावर २००३ सालची तारीख आहे आणि लिहिणारा माणूस मी बारावीला जायच्या आधीच कंपनी सोडून गेलाय. (पर्ल ५ आलं १९९४ साली, म्हणजे भाषाच माझ्यापेक्षा वयानं मोठी. हिच्याशी अहो-जाहोच करायला हवं खरं तर.) हा प्रोग्राम रोज रात्री एक वाजता क्रॉनवर चालू होतो. क्लायंटकडून आलेली पैशांच्या व्यवहारांची फाइल वाचतो, बेरजा करून ताळा जुळवतो आणि मग ती पुढे रवाना करतो. त्यात तीन मॉड्यूल आहेत. आपण त्यांना वाचक, ताळा आणि रवानगी म्हणू. तिघंही एकाच लॉग फाइलमध्ये आपापल्या ओळी लिहितात.

रात्री या सगळ्यावर नजर ठेवायला एक ऑपरेटर असतात. वय पन्नाशीकडे झुकलेलं, सगळी टीम त्यांना काका म्हणते. डबा दोन माणसांचा आणतात आणि कुणी डेव्हलपर रात्री अडकला तर अर्धा त्याच्यापुढे सरकवतात. काही कारणानं फाइल पुढे पोहोचली नाही तर नुसती रवानगी हातानं पुन्हा चालवायची एक कमांड त्यांना दिलेली आहे.

एका रात्री क्लायंटची फाइल अर्धवटच आली. ताळा जुळला नाही. आणि तरीही ती पुढे रवाना झाली. सकाळी क्लायंटचा फोन, मॅनेजरचा चेहरा, तातडीची मीटिंग... पुढचं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आलंच असेल.

मीटिंगमध्ये लॉग मी उघडला. शेवटच्या ओळींचा क्रम असा होता: आधी 'रवानगी सुरू', मग 'रवानगी पूर्ण', आणि त्याच्याखाली 'ताळा जुळला नाही'. म्हणजे फाइल आधी गेली आणि तपासणी नंतर झाली. प्रोग्राम तर आधी ताळा बघतो, मगच पाठवतो. मग ताळ्याच्या आधी पाठवणार कोण? हातानं कमांड चालवणारा माणूस त्या रात्री एकच होता.

काका म्हणाले, "मी हात लावलेला नाही." सर्व्हरवर सगळे एकाच लॉगिनने शिरायचे, कमांडच्या यादीत ती रवानगीची कमांड होती, पण कधीची ते कळायला मार्ग नव्हता. मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हणालो, "काका, लॉग खोटं कशाला बोलेल?"

हे वाक्य आठवलं की अजूनही कानशिलं गरम होतात.

आठवड्याभरात काकांची रात्रपाळी काढली. दिवसपाळीला घेतलं, भत्ता गेला. मॅनेजरनं फार सौम्य शब्दांत सांगितलं म्हणे. सौम्य शब्दांनी भत्ता परत येत नाही.

यानंतर तीनेक आठवड्यांनी मी त्याच लॉगमध्ये भलतंच काहीतरी शोधत होतो, तेव्हा एक ओळ मध्येच तुटलेली दिसली. 'शाखा क्रमांक अमुक, एकूण रक्' आणि तिथेच वाचकाची ओळ सुरू. उरलेलं 'कम' बरंच खाली, दुसऱ्याच घोळक्याच्या सुरुवातीला. मग लक्ष गेलं की ताळ्याच्या ओळी सुट्या सुट्या येतच नाहीयेत, घोळक्यानं येतायत. एका घोळक्यातले बाइट मोजले. ८१९२. पुढचा मोजला. ८१९२. पोटात गोळा आला तो तेव्हा.

ज्यांना अजून भानगड कळली नाही त्यांच्यासाठी थोडं विस्तारानं. ज्यांना कळली त्यांनी चहा ठेवून या.

फाइल हँडल म्हणजे फाइल नव्हे. जुन्या दुकानात कच्ची वही आणि पक्की वही असायची ना, तसं समजा. डिस्कवरची फाइल ही पक्की वही. तुम्ही पर्लमध्ये फाइल उघडता तेव्हा तुमच्या हातात एक कच्ची वही येते. प्रिंट म्हटलं की ओळ कच्च्या वहीत पडते. कच्चं पान भरलं, की ते पक्क्या वहीत उतरवलं जातं. हे पान म्हणजे बफर आणि आजच्या पर्लमध्ये त्याचा आकार साधारण ८ किलोबाइट, म्हणजे ८१९२ बाइट. पान भरलं की ओळ अर्धी का असेना, पान उलटतं. नाहीतर फाइल मिटताना किंवा प्रोग्राम संपताना उरलेलं उतरवलं जातं. हे सगळं वेगासाठी आहे आणि रास्तही आहे. प्रत्येक ओळीला डिस्कपर्यंत पळायचं म्हणजे एक एक कोथिंबिरीची काडी आणायला मंडईत जाण्यासारखं.

आमच्या तिन्ही मॉड्यूलनी तीच फाइल आपापली वेगळी उघडलेली होती. म्हणजे पक्की वही एक, कच्च्या वह्या तीन! फाइल पुरवणीच्या पद्धतीनं उघडलेली असल्यामुळे कुणी कुणाचं लिहिलेलं पुसत नव्हतं, जे उतरेल ते शेवटालाच जोडलं जात होतं. (साध्या लिहिण्याच्या पद्धतीनं उघडली असती तर नंतर उघडणाऱ्यानं आधीचं सगळं साफ केलं असतं. म्हणजे बग दुसऱ्याच दिवशी पकडला गेला असता. कधी कधी मोठा बग परवडतो.) पण क्रम? क्रम घटनांचा नव्हताच, कच्ची पानं भरण्याचा होता.

आणि रवानगीवाल्याकडे कच्ची वहीच नव्हती. त्याला ऑटोफ्लश लावलेला होता, त्यामुळे त्याची ओळ लिहिली की थेट पक्क्या वहीत. ताळ्याचं शेवटचं अर्धं पान मात्र प्रोग्राम संपेपर्यंत कच्च्या वहीतच. आता जोडा बिंदू. त्या रात्री ताळा आधीच तपासला गेला होता. तो जुळला नाही हे प्रोग्रामला आधीच कळलं होतं. त्यानं तसं लिहिलंही, पण कच्च्या वहीत. आणि मग? मग काहीच नाही. कोडमध्ये ताळा चुकला तर थांबायची सोयच नव्हती, नुसती ओळ लिहून गडी पुढे जात होता. त्यानंच फाइल रवाना केली, रवानगीच्या ओळी ताबडतोब उतरल्या आणि ताळ्याची ओळ सगळ्यात शेवटी, प्रोग्राम मिटताना.

खात्री करायला मी आधीच्या दोन महिन्यांचे लॉग काढले. रोज तोच क्रम. आधी 'रवानगी पूर्ण', मग 'ताळा जुळला'. चांगल्या रात्रींचा लॉग कुणी वाचतच नाही, त्यामुळे कुणाला दिसलं नाही एवढंच. त्यातल्या आठ रात्री काका गावी गेले होते, रजेवर.

आणि तो रवानगीचा ऑटोफ्लश कुणी लावला होता? व्हर्जन कंट्रोलमध्ये जाऊन बघितलं. मीच. दोन वर्षांपूर्वी, रवानगी मध्ये मध्ये अडकायची ती समोर बसून बघता यावी म्हणून. एका ओळीचा बदल. 'किरकोळ' असा शेरा लिहून टाकलेला.

आता या तीन कच्च्या वह्या आल्या कुठून? हा माझा अंदाज आहे, पण पर्ल जाणणाऱ्याला पटेल. जुन्या पर्लमध्ये फाइल हँडलला नुसतं एक मोठ्या अक्षरातलं नाव असायचं, त्याला बेअरवर्ड म्हणतात. 'लॉग' नावानं फाइल उघडायची आणि 'लॉग'वर प्रिंट करायचं. दिसायला हे नाव जगाला दिसणारं, सामायिक वाटतं. पण ते असतं त्या त्या पॅकेजपुरतं. वाचक पॅकेजमधला 'लॉग' वेगळा, ताळा पॅकेजमधला वेगळा. चाळीत तीन खोल्यांत तीन बंड्या असावेत आणि प्रत्येक आईला आपलाच हाक ऐकेल असं वाटावं, तसं. अपवाद फक्त स्टँडर्ड इनपुट, आउटपुट, एरर अशा मोजक्या मानकऱ्यांचा. ते कुठूनही हाक मारली तरी मुख्य पॅकेजमधलेच धरले जातात.

त्यामुळे मूळ लेखकानं फाइल एका ठिकाणी उघडली असणार, दुसऱ्या मॉड्यूलमधून लिहायला गेला असणार आणि ओळी उमटल्याच नसणार. वॉर्निंग चालू असतील तर पर्ल कुरकुरतं, की न उघडलेल्या हँडलवर लिहितोयस. वॉर्निंग बंद असतील तर चकार शब्द काढत नाही, ओळ हवेत विरते. स्ट्रिक्ट लावला असला तरी या बेअरवर्ड हँडलबद्दल तोही काही बोलत नाही. मग बिचाऱ्यानं काय केलं असेल? संध्याकाळचे सात वाजले असतील, घरी जायचं असेल. प्रत्येक मॉड्यूलमध्ये तीच उघडण्याची ओळ चिकटवली. ओळी उमटायला लागल्या. चला, झालं काम. आपणही हेच केलं असतं, उगाच साळसूदपणा नको.

बरं, मग योग्य काय? ही चर्चा मी हापिसात, कँटीनमध्ये, एकदा तर ट्रेकला राजगड चढताना केलीय. उत्तरं साधारण चार येतात.

पहिलं: "सगळ्यांनी मुख्य पॅकेजचंच हँडल वापरा, पूर्ण नाव लिहून." यानं कच्ची वही एक होते, क्रम सुधारतो. पण मग ती वही चव्हाट्यावर येते. कुणीही मिटू शकतो. कुणी चुकून त्याच नावानं दुसरी फाइल उघडली तर पर्ल पहिली गुपचूप मिटतं आणि बाकीच्यांच्या ओळी त्या दुसऱ्या फाइलमध्ये जायला लागतात. शिवाय ताळ्याचं मॉड्यूल एकटं चालवून तपासायचं म्हटलं तर ते चालत नाही, कारण त्याला मुख्य प्रोग्राममध्ये अमुक नावाची फाइल उघडलेली लागते. कार्ट्याला शाळेत सोडायचं तर अख्खं खानदान बरोबर न्यायचं!

दुसरं: "हँडल एक्स्पोर्ट करा." एक्स्पोर्टर नावाचं पर्लचं मॉड्यूल आख्खा टाइपग्लॉब दुसऱ्या पॅकेजला देऊ शकतं, म्हणजे एकाच वस्तूला दुसऱ्या पॅकेजमध्येही तेच नाव मिळतं. चालतं. पण आजार तोच, फक्त आता तो वाटून दिलाय.

तिसरं: "हँडल पॅरामीटर म्हणून द्या." हे मला आवडतं. २००० साली आलेल्या पर्ल ५.६ पासून हँडल साध्या 'माय' व्हेरिएबलमध्ये धरता येतं आणि कुठल्याही व्हेरिएबलसारखं फंक्शनला देता येतं, ऑब्जेक्टमध्ये ठेवता येतं. शेवटचा धरणारा गेला की फाइल आपोआप मिटते. डेमियन कॉनवेच्या २००५ सालच्या 'पर्ल बेस्ट प्रॅक्टिसेस' या पुस्तकातही बेअरवर्ड सोडा आणि हीच पद्धत धरा, असंच सांगितलंय. २०२१ च्या ५.३४ आवृत्तीत तर बेअरवर्ड हँडलची सवय पूर्णच बंद करून टाकायची सोय आली. एक छोटी खोच तेवढी आहे. हँडल ऑब्जेक्टच्या आत असेल तर प्रिंटनंतर ते महिरपी कंसात द्यावं लागतं, नाहीतर पर्लला कळत नाही की हे लिहायचं ठिकाण आहे की लिहायची गोष्ट.

चौथं: "एवढं कशाला? स्टँडर्ड एररवर लिहा आणि क्रॉनमध्येच ते फाइलकडे वळवा." हसू नका, छोट्या स्क्रिप्टसाठी हे सगळ्यात उत्तम उत्तर आहे. तो मानकरी सगळ्या मॉड्यूलना एकच दिसतो आणि त्याला कच्ची वहीही नसते. दोनशे ओळींची स्क्रिप्ट असेल तर इथंच थांबा आणि सुखी व्हा.

मग माझं भांडण कशाशी आहे? तिसऱ्या उत्तराशी, आणि तेही फक्त लॉगच्या बाबतीत.

बघा, एखादं मॉड्यूल अहवाल तयार करून देत असेल तर त्याला हँडल जरूर द्या. तो माल तुमचा आहे, कुठे ओतायचा ते तुम्ही सांगणार. फक्त नियम एक: ज्यानं उघडलं त्यानंच मिटायचं. शेजारणीकडून आणलेलं पातेलं वापरावं, परत करावं, भंगारात घालू नये. पण लॉग हा माल नाही. लॉग ही साक्ष आहे. काय घडलं आणि कुठल्या क्रमानं घडलं, याची. अमुक ओळ अर्धी लिहायची नाही, वेळ घालायची, लगेच पक्क्या वहीत उतरवायची हे नियम मग कुठे तरी एका जागी असायला हवेत. हँडल दहा जणांच्या हातात दिलंत, की दहा जण दहा प्रकारे लिहिणार. एक जण ओळ संपवायला विसरणार, दुसरा वेळच घालणार नाही, तिसरा माझ्यासारखा शहाणा येऊन 'किरकोळ' बदल करणार.

म्हणून हँडल देऊच नका. 'लिही' असं म्हणायची सोय द्या. आता आमच्याकडे लॉगवही नावाचं चाळीसेक ओळींचं एक मॉड्यूल आहे. हँडल त्याच्या आत 'माय'मध्ये, बाहेरच्यांना दिसतसुद्धा नाही. बाहेर तीनच दारं: उघड, लिही, मीट. पर्ल एक मॉड्यूल एका प्रोग्राममध्ये एकदाच लोड करतं, कोण कोण आलंय याची हजेरी ते ठेवतं. त्यामुळे तिघांनी तीनदा 'यूज' म्हटलं तरी वही एकच राहते. 'लिही' प्रत्येक ओळीला वेळेचा शिक्का मारतं, शेवटी न चुकता ओळ संपवतं आणि लगेच पक्क्या वहीत उतरवतं.

इथं एक जुना सापळा सांगून ठेवतो. ऑटोफ्लशसाठी पर्लमध्ये ते डॉलर आणि उभ्या रेघेचं प्रसिद्ध चिन्ह आहे. पुष्कळ जण प्रोग्रामच्या सुरुवातीला ते एकवर ठेवतात आणि निर्धास्त होतात. पण ते लागू होतं फक्त त्या क्षणी निवडलेल्या हँडलला, म्हणजे बहुतेक वेळा स्टँडर्ड आउटपुटला. तुमच्या लॉगला त्याचा ठणठणपाळ. ऑटोफ्लश हँडलवरच लावा. आणि फाइल मिटताना मीट म्हटल्याचं उत्तर तपासा. कच्च्या वहीतलं उतरवताना डिस्क भरलेली निघाली तर ते कळायची तीच शेवटची जागा आहे.

टेस्ट करायला तर हे फारच सोपं पडतं. पर्ल ५.८ पासून फाइलच्या जागी साधं व्हेरिएबल उघडता येतं, म्हणजे टेस्टमध्ये लॉगवहीला डिस्कच्या ऐवजी ते द्यायचं आणि शेवटी त्यात काय लिहिलं गेलं ते बघायचं. आमची पहिली टेस्ट काय होती ओळखा. ताळ्याची ओळ रवानगीच्या आधी आलीच पाहिजे. दुसरी: ताळा चुकला तर रवानगीची ओळ येताच कामा नये.

आता आक्षेप. "वेळ छापली असती तरी भागलं असतं की." अंशतः बरोबर. वेळ लिहितानाच छापली तर खरा क्रम निदान शोधता आला असता. पण प्रोग्राम मध्येच जबरदस्तीनं मारला गेला तर कच्च्या वहीतलं सगळं जातं, आणि जातात त्या नेमक्या शेवटच्या ओळी, ज्यांच्यासाठी आपण लॉग उघडतो.

"प्रत्येक ओळीला डिस्क म्हणजे प्रोग्राम हळू होणार." आमचा लॉग रात्रीला काही शे ओळींचा. त्यानं काय हळू होणार? लाखो ओळी असतील तर वेगळा विचार करा, पण तोही एकाच ठिकाणी करा.

"सीपॅनवर लॉग-फोर-पर्ल आहे ना?" आहे, आणि मोठ्या कामाला खुशाल वापरा. माझा मुद्दा तोच आहे, मालक एक असावा. तो विकतचा की घरचा, हा प्रश्न दुय्यम.

"आम्ही पर्ल वापरत नाही." अरे, पण फाइली वापरता ना? पायथनमध्ये दोन मॉड्यूलनी एकच फाइल दोनदा उघडली तर तिथेही बफर दोन आणि गोंधळ तोच. पायथनचं लॉगिंग मॉड्यूल एका नावाला एकच लॉगर परत देतं ते उगीच नाही. भाषा बदलते, कच्ची वही कुठे जात नाही.

असो. पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं.

मी एक लांबलचक मेल लिहिलं. आठ रजेच्या रात्री, ८१९२ चे घोळके, माझा 'किरकोळ' बदल, सगळं. मीटिंगला जेवढे लोक होते त्या सगळ्यांना पाठवलं. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून पाच मिनिटं बसलो होतो हे कबूल करतो. कारण मेलचा सारांश एवढाच होता, की चूक कोडची होती आणि साक्षीदार मी फितवला होता. मॅनेजरचं एका ओळीचं उत्तर आलं, की छान विश्लेषण, प्रोग्राम कधीपर्यंत दुरुस्त होईल? काकांचं नाव त्या ओळीत नव्हतं. मग मी ते घेऊन पुन्हा केबिनमध्ये गेलो. दोनदा जावं लागलं. दोन महिन्यांनी रात्रपाळी परत मिळाली. मधल्या महिन्यांचा भत्ता मिळाला नाही, तशी तरतूद नसते म्हणे.

काकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. बफर, कच्ची वही, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं होतं चिडतील. एकच म्हणाले, "मी सांगितलं होतं ना रे, हात लावलेला नाही म्हणून. त्याला एवढं गणित कशाला लागलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मागच्या आठवड्यात एका रिलीजसाठी रात्री थांबलो होतो. एक वाजून गेल्यावर काकांनी स्क्रीनकडे बघत हाक मारली, "ये रे, बघ. ताळा आधी आलाय." आणि डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं. मेथीची भाजी होती.